मोरोपंतांच्या आर्या व शालेय व्याकरण

बाबूजी नाइकांच्या आश्रयानें बारामतीस राहून मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आर्येस जें वळण दिलें, त्यावर शालेय व्याकरणाच्या कित्येक पिढ्या पोसल्या. परशुरामपंत गोडबोले यांच्या 'नवनीता'नें (१८५४) पंतांचें काव्य वर्गांत आणिलें, आणि अन्वय लावणें, समास सोडविणें, व्याकरण चालविणें हें सर्व त्यावर होऊं लागलें. वर्णस्थानें शिकवावयास तर त्यांचें ओष्ठ्यवर्ण टाळून रचिलेलें निरोष्ठरामायण आयतेंच आहे. इतकें असूनहि या पद्धतीनें निबंध सुधारला, असें आम्हांस वाटत नाहीं. लांबलचक समास बिनचूक सोडविणारा विद्यार्थी स्वतःचें साधें वाक्य लिहितांना अडखळे.

पुढें १९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. पोथ्यांतून तरी ते नियमानें कोठें आढळतात, हा आक्षेप रास्त आहे. नकलकारांनीं ते मन मानेल तसे दिले. तथापि 'काम केलें' व 'उद्योग केले' यांतील लिंगवचनभेद लेखनांतून नाहींसा झाला, ही हानि खरी. मौज अशी कीं, बारामती-इंदापुराकडील पोर 'काम केलं', 'उद्योग केले' असें बोलतांना कधीं चुकत नाहीं. शिक्षकानें व्याकरणाचा व निबंधाचाहि आरंभ या बोलण्यापासून करावा. प्रथम बोलतें लिहूं द्यावें, मग ग्रंथरूपास न्यावें. 'मुलगी आली' व 'मुलें आलीं' यांतील भेद मात्र कानास सांपडत नाहीं. तेथें जुना पाठच दाखवावा लागतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, आर्यांची पोथी छापतांना मूळचा अनुस्वार कोणता व संपादकानें घातलेला कोणता, हें निराळें दाखवावें.