परीक्षा, एकांत आणि मंडळ : खानदेशातील कलाशिक्षकाच्या घडणीची चिकित्सा

शालेय कलाशिक्षणाची चर्चा बहुधा बालकाला मध्यभागी ठेवून केली जाते, आणि ते युक्तच आहे. तथापि या चर्चेत शिक्षकाचा विचार एक साधन एवढ्याच मर्यादेत राहतो. बालकाची अभिव्यक्ती जिच्यावर अवलंबून असते त्या शिक्षकाच्या दृष्टीचे पोषण कोठून होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भाषेचे, गणिताचे अथवा विज्ञानाचे शिक्षक एका शाळेत अनेक असतात. त्यांचे वाद, त्यांची देवघेव शिक्षकांच्या खोलीतच होऊ शकते. चित्रकलेचा शिक्षक सामान्यतः एकटा असतो. त्याच्या विद्यार्थ्याच्या कागदावर अधिकाराने मत देईल असा दुसरा माणूस त्या वास्तूत नसतो. म्हणून कलाशिक्षकांचे मंडळ ही सोयीची अथवा हौसेची गोष्ट नसून त्यांच्या व्यवसायाची प्राथमिक गरज आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ही गरज कशी भागविली गेली व कोठे अपुरी राहिली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

ज्या व्यवस्थेतून महाराष्ट्रातील कलाशिक्षक घडला तिचा उगम मुंबईत आहे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली सुरू झाली आणि 1893 साली तेथे चित्रकला शिक्षकांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला. या शिक्षणामागील आदर्श लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीचा होता. रेषेची अचूकता, नमुन्याची प्रतिकृती, भूमितीची शिस्त आणि क्रमाक्रमाने चढावयाच्या पायऱ्या ही त्या पद्धतीची लक्षणे होत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी घरोघरी परिचित झालेल्या रेखाकला परीक्षा याच परंपरेतील आहेत. 1965 साली कला संचालनालय स्थापन झाले; या परीक्षा आज त्याच्याच अखत्यारीत घेतल्या जातात.

या परीक्षेच्या विषयांची यादी एखाद्या संहितेप्रमाणे वाचली, तर तीत एक संपूर्ण कलाविचार दडलेला दिसतो. वस्तुचित्र अथवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही ती यादी. समोर जे आहे ते पाहणे, पाहिलेले आठवणे, आठवलेले योजनाबद्ध करणे आणि योजनेला मापाची शिस्त लावणे असा हा चतुर्विध क्रम असून तो मुळात निर्बुद्ध खास नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचा अर्थ पालटतो. स्मरणचित्रात स्मरण अनुभवाचे राहत नाही; बाजार, जत्रा, पाणवठा अशा ठराविक प्रसंगांतील ठराविक आकृत्यांचे पाठांतर होते. संकल्पचित्रात संकल्पाऐवजी वर्तुळाची वा चौकोनाची सवयीने केलेली भरणी उरते. शिक्षकाचे कौशल्य मग एकाच कामी खर्ची पडते, ते म्हणजे अपेक्षित उत्तर अपेक्षित वेळेत विद्यार्थ्याच्या हातून उतरविणे. शालान्त परीक्षेतील वाढीव गुणांशी या श्रेणींचा संबंध जोडला गेल्यानंतर या प्रवृत्तीला पालकांच्या आग्रहाचेही बळ मिळाले.

याचा अर्थ परीक्षेचे ऋण नाकारावे असा नाही. खेड्यातील शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास टिकून राहिला, तो पुष्कळ अंशी या परीक्षेमुळे. परीक्षा आहे म्हणून शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचे लक्ष जाते, रंगसाहित्याची मागणी करता येते, आणि केंद्राच्या निमित्ताने का होईना, तालुक्यातील कलाशिक्षक एकत्र येतात. परीक्षा काढून टाकली तर विषयच उरणार नाही, हा तिच्या समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच हलका लेखता येत नाही. मात्र त्यातून जे सिद्ध होते ते मर्यादित आहे. परीक्षा विषयाचे संरक्षण करते एवढे मान्य केले, तरी ती शिक्षकाचे संवर्धन करते असे त्यातून निष्पन्न होत नाही. उत्तरपत्रिकांवर श्रेणी देण्यासाठी जमलेल्या माणसांना निकषांविषयी एकमत साधावे लागते; एखादे चित्र का जिवंत वाटते याविषयी मतभेद व्यक्त करण्यास तेथे अवसर नसतो. मंडळाचा प्राण अशा मतभेदातच असतो.

या पार्श्वभूमीवर खानदेशाच्या भूमीत व तिच्या उंबरठ्यावर घडलेल्या काही घटना विशेष बोलक्या ठरतात. पहिली अजिंठ्याची. ही लेणी जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत असून रेल्वेने येणारा प्रवासी आजही जळगाव स्थानकावर उतरूनच तेथे जातो. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. प्रतिकृती हे त्या युगाचे ध्येय होते आणि त्यातील कित्येक प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्टही झाल्या. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने त्या कार्यातील मर्म निराळे आहे. गुरू आणि शिष्य तेथे एकाच भिंतीसमोर उभे होते. रेषेचा प्रश्न दोघांनाही सारखाच अवघड होता. शिक्षक स्वतः काम करीत असताना दुसऱ्याच्या कामाशेजारी उभा राहतो, ही व्यावसायिक वाढीची सर्वांत जुनी आणि आजही न मोडलेली रीत आहे.

दुसरी घटना फैजपूरची. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातील या गावी राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बसू यांनी अधिवेशननगराची सजावट केली आणि तीसाठी बांबूसारखे जवळपास मिळणारे साहित्य वापरले. कलेचे साहित्य शहरातून पार्सलाने येते, या समजुतीला दिलेले हे प्रत्यक्ष उत्तर होते. मात्र अधिवेशनाचा मांडव मुळातच उतरविण्यासाठी उभारलेला असतो. त्यातील विचार पुढे चालू राहावयाचा तर तो वर्षभर शाळेत उभ्या असणाऱ्या शिक्षकाच्या हाती यावा लागतो. फैजपूरजवळच्याच खिरोदा येथे पुढे सप्तपुट ललित कला भवन उभे राहिले, आणि कलेचे महाविद्यालय खेड्यात चालू शकते हे दिसून आले. तरीही अशा संस्थेचे कार्य प्रामुख्याने नोकरीपूर्व शिक्षणाचे असते. पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण एखाद्या शाळेत रुजू झाला, की पुढील तीस वर्षे त्याच्याशी त्याच्या कलेविषयी कोण बोलणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांचे उदाहरण येथे उलट बाजूने उपयोगी पडते. रेल्वे स्थानकानजीकच्या आपल्या घरात या छायाचित्रकाराने जवळजवळ सारे आयुष्य एकांतात काढले आणि टेबलावर मांडलेल्या छोट्या छोट्या वस्तूंतून विलक्षण भ्रम निर्माण करणारी छायाचित्रे सिद्ध केली. त्यांच्या एकांताचे कौतुक करताना एक भेद विसरला जातो. कलावंताचा एकांत स्वीकारलेला असतो आणि त्यात त्याचे काम वाढते. शिक्षकाचा एकटेपणा त्याच्यावर लादलेला असतो. त्यात त्याचे स्वतःचे चित्र काढणे प्रथम थांबते, नंतर पाहणे थांबते, आणि अखेर फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा व स्वागताची रांगोळी एवढेच त्याचे कलाजीवन उरते.

याउलट एखादा शिक्षक काय करू शकतो, याची साक्ष धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावच्या राम सुतार यांच्या चरित्रात मिळते. 1925 साली सामान्य परिस्थितीतील कुटुंबात जन्मलेला हा मुलगा जोशी नावाच्या गुरूच्या प्रोत्साहनाने मुंबईच्या कलाशाळेत गेला आणि भारतातील अग्रगण्य शिल्पकार झाला. पुढे काही वर्षे अजिंठा व वेरूळ येथील शिल्पांच्या जतनकार्यातही त्याचा सहभाग होता. अशा चरित्रांत शिष्याचा मार्ग गावाबाहेर जातो आणि त्याची कीर्ती लिहिली जाते. ज्याने वाट दाखविली तो बहुधा एका वाक्यापुरता उरतो. कलाशिक्षकांच्या परंपरेचा इतिहास नाही, कारण त्या परंपरेला स्वतःची स्मृती ठेवणारे मंडळच पुरेसे बळकट झाले नाही.

इतरत्र अशी मंडळे कशातून निर्माण झाली हे पाहिले म्हणजे उणीव स्पष्ट होते. हर्बर्ट रीड यांचा ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ 1943 साली प्रसिद्ध झाला. 1951 साली युनेस्कोने ब्रिस्टल येथे कलाशिक्षणाविषयी परिसंवाद भरविला, आणि त्यातून 1954 साली कलाशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना आकारास आली. महाराष्ट्रातच सेवाग्राम येथे देवी प्रसाद यांनी नयी तालीमच्या शाळेत कला शिकविताना मुलांच्या चित्रांचा बारकाईने अभ्यास केला व तो लिहून ठेवला. या सर्व प्रयत्नांत समान असे एक सूत्र आहे. शिक्षकांनी मुलांची चित्रे गुणांसाठी न पाहता समजून घेण्यासाठी पाहिली आणि आपले निरीक्षण दुसऱ्या शिक्षकापुढे मांडले.

सांप्रतची धोरणे या कसोटीवर लावली असता त्यांत एक विसंगती आढळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगते आणि सर्व विषय कलेच्या साहाय्याने शिकवावेत असाही आग्रह धरते. एकीकडे कला सर्व विषयांत पसरावी आणि दुसरीकडे तिचा जाणकार शाळेत अंशकाल असावा, ही योजना परस्परविरोधी आहे. जो शाळेत अर्धवेळ आहे त्याच्याकडून सहकाऱ्यांना कलेचा सल्ला मिळण्याची शक्यताही अर्धीच राहते. तासांची मोजणीही फसवी आहे. पन्नास तास सभागृहात बसून भरता येतात; परंतु हाती कुंचला न घेता आणि दुसऱ्याचे काम न पाहता घालविलेल्या तासांनी कलाशिक्षक वाढत नाही.

तेव्हा खानदेशातील कलाशिक्षकांच्या मंडळाकडून अपेक्षा धरावयाची तर ती तीन गोष्टींची धरावी. पहिली, सभासदांनी स्वतःचे ताजे काम परस्परांसमोर ठेवावे. दुसरी, निरनिराळ्या शाळांतील मुलांची चित्रे श्रेणी न लावता शेजारी शेजारी मांडावीत; साक्रीच्या आदिवासी भागातील मुलाचे झाड आणि रावेरच्या केळीच्या पट्ट्यातील मुलाचे झाड यांत काय अंतर आहे, हे कोणत्याही गुणपत्रिकेत सापडणार नाही. तिसरी, प्रदेशातील कलासंचिताचा अभ्यास अभ्यासक्रमाशी जोडावा. हे संचित अल्प नाही. चाळीसगावनजीक पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव रेषांनी नटलेला तुकडा सापडला. तो सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. आडव्या-उभ्या रेषांची ती जाळी म्हणजे या भूमीतील पहिले ज्ञात संकल्पचित्रच होय. पितळखोऱ्याची लेणी तेथून दूर नाहीत, आणि कानबाईच्या उत्सवातील मांडणी तर विद्यार्थ्याच्या घरातच आहे. संकल्पचित्राच्या तासाला या गोष्टी आल्या, तर तीच परीक्षा निराळ्या अर्थाने देता येईल.

परीक्षेने कलाशिक्षकांना एक दर्जा दिला आणि शाळेत जागा दिली. हे तिचे कार्य पूर्ण झाले आहे. त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला सहकारी देणे हे तिच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम शिक्षकांनी स्वतः, आणि प्रदेशातील महाविद्यालयांनी व विद्यापीठाने त्यांच्या सोबतीने करावयाचे आहे. ते न झाल्यास कलाशिक्षकाचे पद कागदावर वाचविता येईल. पण त्या पदावरील माणूस चित्र पाहू शकतो की नाही, हे सांगणारे कोणीही उरणार नाही.