तुकोबा पूल की घर?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर वारकऱ्याने कशाला लिहावे, असे कोणी विचारील. अभंग ही आपल्या घरची लेक. दुसऱ्याच्या घरी ती कशी नांदली, याची विचारपूस आपणच करायची.

कोकणातल्या ब्राह्मण घरातले टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली तीच वाट धरली. मधल्या वर्षांची कळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे टिळक म्हणत. हा दृष्टान्त पुष्कळांना गोड वाटतो. मला पटत नाही. पूल ओलांडून मागे टाकायचा असतो. तुकोबांच्या घरी मात्र राहायचे असते.

टिळकांची ‘अभंगांजली’ वाचावी, तर तेही त्या घरातून निघालेले दिसत नाहीत. ते ख्रिस्ताला आई म्हणतात, गुरू म्हणतात. शेवटच्या चरणात स्वतःचे नाव न घालता ‘दास’ म्हणवतात. ही लडिवाळ हाक परदेशी स्तोत्रांच्या तर्जुम्यात सापडायची नाही. ती पंढरीच्या वाटेवरची आहे. जिथे ते विरहाने आळवतात, तिथे हात आपोआप टाळाकडे जातो. जिथे मत समजावू लागतात, तिथे चरण जड होतो. आणखी एक उणीव आहे. आपला अभंग टाळकऱ्यांच्या मेळ्यात उभा राहतो. टिळकांचा भक्त बहुधा देवापुढे एकटाच. दिंडी सुटली, ती सुटलीच. ही उणीव त्यांनाही बोचली असावी. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही खुला होता.

पूर्वपक्ष असा, की अभंगाचे हे सोंग धर्मप्रसारासाठी घेतले. प्रसाराचा हेतू होताच. टिळकांनी तो लपवला नाही. पण सोंग नाटकापुरते असते, आणि टिळक १९१९ साली देह ठेवीपर्यंत याच भाषेत देवाशी बोलले. त्यांना मी संतमालिकेत बसवीत नाही; त्यांची वाट वेगळी आणि ती त्यांनी उघड धरली. तरी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना नाव न बदलता संत म्हणणारी आपली परंपरा आहे. तिने ऐकण्याआधी कान झाकू नयेत.

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. आमच्या मोरव्याहून उत्तनकडे निघाले की वाटेत क्रूस लागतात. तिथली घरे पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती. चुलीपाशी बोली मराठीच. त्यांना ‘तुम्ही मूळचे कोण?’ असे टोचून विचारणारे आपल्यांत निघतात. देवाला दुसऱ्या नावाने हाक मारली, म्हणून आईची भाषा कोणाकडून परत मागता येत नाही. वेगळ्या देव्हाऱ्यापुढचा अभंग कानी आला, तर आधी ऐकावा, मग त्याचे वजन करावे. खोटा असेल तर तालातच कळेल.

रामकृष्ण हरी.