‘जाऊन येतों’ : जपानी भाषेच्या पाठ्यपुस्तकांविषयीं

परभाषा शिकविणाऱ्या पुस्तकांची गणना आपण सहसा साहित्यांत करीत नाहीं. त्यामुळें त्यांजवर टीका लिहिण्याचाही प्रघात नाहीं. वस्तुतः ज्या पुस्तकांतून शेंकडों तरुणांस एका परक्या समाजाचें पहिलें दर्शन घडतें, त्यांच्याइतकीं टीकेस पात्र पुस्तकें थोडींच असतील. पुण्यामुंबईकडील पुष्कळ तरुण आज जपानी शिकत आहेत. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलेला प्रस्तुत लेखकही पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. त्या अभ्यासांत जें सुख लाभलें आणि जी फजिती झाली, त्या दोहोंच्या आधारें प्रचलित पाठ्यपुस्तकांविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या वर्गांत मुख्यतः ‘मिन्ना नो निहोंगो’ (१९९८) हें पुस्तक होतें. जोडीला ‘गेन्की’ (१९९९) हें दुसरें. दोहोंची पद्धति एकच : व्याकरणाचा डोंगर प्रथम न दाखवितां विद्यार्थ्यास एकेका प्रसंगांत उभें करावयाचें. परिचय, दुकान, आगगाडी, पाहुणचार असे प्रसंग क्रमानें येतात व भाषा त्यांच्याबरोबर येते. ही पद्धति सर्वथा उचित आहे, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. कारण जपानींतील कित्येक शब्दांस प्रसंगावांचून अर्थच नाहीं. ‘तादाइमा’ याचा कोशांतील अर्थ ‘आत्तां’ असा आहे. पण घरांत पाऊल टाकतांना तो उच्चारला म्हणजे ‘मी आलों बरें का’ असा होतो. दुसऱ्याच्या घरांत शिरतांना ‘ओजामा शिमास’, म्हणजे ‘आपणांस अडथळा करतों’, असें म्हणावयाचें असतें. ‘चोत्तो’ म्हणजे ‘थोडें’. परंतु कोणी आमंत्रण दिलें असतां ‘शुक्रवार चोत्तो...’ इतकेंच बोलून वाक्य अर्धवट सोडलें, कीं तो स्पष्ट नकार झाला. आपल्याकडील ‘बघूं’ या शब्दाची महती जाणणाऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणि येथेंच माझी पहिली तक्रार सुरू होते. या पुस्तकांच्या मनापुढील विद्यार्थी कोण? एकांत प्रमुख पात्र मिलर नांवाचे अमेरिकन गृहस्थ, दुसऱ्यांत अमेरिकेहून शिकावयास आलेली मेरी. ‘मिन्ना’चें मुख्य पुस्तक सर्वस्वी जपानींत असून विवरणाचें पुस्तक निरनिराळ्या भाषांत मिळतें, हें खरें, पण आमच्या हातीं आलें तें इंग्रजीच. परिणाम असा कीं, पुण्यांतील मुलगा जपानी वाक्य प्रथम इंग्रजींत नेतो आणि तेथून धापा टाकीत मराठींत आणतो. बाहेर पडतांना जपानी मनुष्य घरच्यांस ‘इत्ते किमास’ म्हणतो. इंग्रजी विवरणकारास हें विचित्र वाटतें, कारण जाणारा मनुष्य एकाच श्वासांत येण्याचीही गोष्ट बोलतो. आपणांस त्यांत नवल कसलें? ‘जाऊन येतों’! नुसतें ‘जातों’ म्हटल्याबद्दल आजीचें बोलणें ज्यानें खाल्लें आहे, त्याला या दोन शब्दांतील मंगलाची ओढ टीपेवांचून कळते.

हें साम्य एकट्या शब्दाचें नव्हे. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येणें, शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून लागणें, या गोष्टी तर आहेतच. परंतु ‘मिरु’ म्हणजे पाहणें आणि ‘शिते मिरु’ म्हणजे करून पाहणें. ‘ओकु’ म्हणजे ठेवणें आणि ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणें. ज्यासाठीं इंग्रजीस ‘प्रयत्न करणें’, ‘आगाऊ तयारी करणें’ असा वळसा घ्यावा लागतो, तें आमच्या घरांतील मूलही सहज बोलतें. आणि आम्ही मात्र तो वळसाच पाठ करीत बसलों होतों.

परंतु साम्याच्या आनंदांत गाफील राहणाराची फजिती कशी होते, तेंही सांगितलें पाहिजे. क्योतो येथें एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरीं मी कांहीं दिवस राहिलों होतों. त्यांनीं माझ्या वडिलांविषयीं विचारलें. वडिलांस जाऊन तेव्हां वर्षही झालें नव्हतें. मीं जमेल तितक्या आदरानें ‘ओनाकुनारि नि नारिमाशिता’ असें उत्तर दिलें. प्राध्यापक क्षणभर घोटाळले. मी कोणाच्या वडिलांविषयीं बोलत आहें, हेंच त्यांस कळेना. दुसऱ्याच्या माणसाविषयीं वापरावयाचें आदरार्थी रूप मीं स्वतःच्या वडिलांस लाविलें होतें. परक्यापुढें आपल्या माणसास ‘चिचि’ म्हणावें, त्यांच्यासाठीं आदराचें क्रियापद योजूं नये, हा तेथील शिष्टाचार. आपण तर ‘बाबा गेले’ असें जगापुढें अनेकवचनींच बोलतों. ‘बाबा गेला’ हे शब्द माझ्या जिभेवर येणें शक्यच नव्हतें.

मग जपानी पुत्राच्या ठिकाणीं पितृभक्ति कमी आहे काय? मुळींच नाहीं. तो पित्यास आपल्याच देहाचा भाग समजतो, आणि ऐकणारापुढें आपणांबरोबर त्यालाही नम्र करतो. आपला आदर व्यक्तीस चिकटलेला असतो, त्यांचा आदर ‘उचि’ व ‘सोतो’, म्हणजे आंतलें व बाहेरचें, यांमधील उंबरठ्यावर उभा असतो. सगळ्या समाजरचनेची ही किल्ली. आणि ‘मिन्ना’मध्यें आदराचीं व नम्रतेचीं क्रियापदें पद्धतशीर येतात तीं पन्नासांपैकीं शेवटच्या दोन, ४९ व ५० या पाठांत! व्याकरणाच्या सोयीनें हा क्रम समर्थनीय असेल. माझ्यासारख्यास मात्र तो कोष्टक पढवितो, दृष्टि देत नाहीं. शिवाय पुस्तकांतील प्रसंग बहुतेक सुखाचे असतात. तिकीट काढणें आम्हांस उत्तम शिकविलें. सांत्वनाचे ‘गोशूशोसामा’ हे शब्द मीं प्रथम ऐकले ते त्या दिवशीं, त्या प्राध्यापकांच्या तोंडून.

तेव्हां मागणें एवढेंच आहे. मराठी मनुष्यासाठीं जपानीचें विवरण मराठीच्या कांठानें लिहिलें जावें. जेथें दोन्ही भाषा बरोबर चालतात तेथें वेळ दवडूं नये, आणि जेथें वाटा फुटतात तेथें थांबून कारण सांगावें. हें काम कोशकारापेक्षां साहित्याच्या जाणत्याचें आहे.

निघण्याच्या दिवशीं निरोपाचा कोणता शब्द योग्य, हें मला सुचेना. घरच्या बाई दारापर्यंत आल्या आणि रोज सकाळीं म्हणत तेंच त्यांनीं म्हटलें, ‘इत्ते इराश्शाइ’ : जाऊन या. हे शब्द घरच्या माणसासाठीं असतात, एवढें मला तोंवर कळूं लागलें होतें.