त्र्याण्णव मिनिटं, वीस सेकंद

सर्जिओ अगुएरोचा तो गोल बघायला वीस सेकंद पुरतात. १३ मे २०१२, एतिहाद स्टेडियम, मँचेस्टर सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, म्हणजे क्यूपीआर. इंग्लिश फुटबॉलची नुकती गोडी लागलेल्या अमेरिकन माणसापर्यंत ही चित्रफीत फार लवकर पोचते आणि आवडतेही. शेवटच्या क्षणी खेचून आणलेला विजय त्याला बास्केटबॉलमधून चांगला ओळखीचा असतो. पण त्या ओळखीपायीच त्यातलं निम्मं निसटतं.

ही फायनल नव्हती. प्रीमियर लीगमध्ये फायनल नसतेच. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, आणि शेवटच्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू. २०१३ मध्ये एनबीसी वाहिनीने अमेरिकेत या लीगचं प्रक्षेपण हाती घेतलं, तेव्हा जाहिरातीसाठी टेड लासो नावाचा एक अमेरिकन प्रशिक्षक निर्माण केला. बरोबरीत सुटणारे सामने आणि प्लेऑफ नसलेली स्पर्धा बघून तो चक्रावतो. नवख्याचं हे चक्रावणं अगदी रास्त आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये तळाला गेलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो. इंग्लंडमध्ये तळाचे तीन संघ थेट खालच्या विभागात जातात. पैसा जातो, चांगले खेळाडू सोडून जातात, गावाची रया जाते. माझ्या मते अगुएरोच्या गोलचा खरा रस या भीतीत आहे.

त्या दुपारी सिटी आणि युनायटेड या मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८६ गुण होते. गोलफरकात सिटी पुढे. युनायटेड संडरलंडमध्ये जिंकला तर सिटीलाही जिंकणं भाग होतं. १९६८ नंतरचं पहिलं विजेतेपद समोर होतं. क्यूपीआर मात्र जिवाच्या आकांताने खेळत होता, कारण बोल्टनने तिकडे स्टोकला हरवलं असतं, तर इथे पराभूत झालेला क्यूपीआर खाली गेला असता. एकाच मैदानावर एक संघ शिखरासाठी आणि दुसरा तगण्यासाठी धडपडत होता. अमेरिकन लीगमध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी अशी गाठ पडूच शकत नाही.

सिटीच्या झाबालेताच्या गोलनंतर सगळं ठरल्यासारखं वाटलं होतं. मग सिटीच्या लेस्कॉटचा हेडर चुकला आणि क्यूपीआरच्या सिसेने बरोबरी केली. क्यूपीआरच्याच जोई बार्टनला लाल कार्ड मिळालं. आता दहाच माणसं उरली, आणि त्या दहांनीच दुसरा गोल केला: त्राओरेचा क्रॉस, मॅकीचा हेडर, २–१. नवख्याने थांबून बघावा तो यापुढचा काळ. सिटीचे हल्ले लाटांसारखे येत राहतात आणि गोलसमोर दाटीने उभे असलेले क्यूपीआरचे निळे-पांढरे पट्टे ते परतवत राहतात. गोल होत नाही, तरी प्रत्येक मिनिट आधीच्यापेक्षा जड होत जातं. इथे टाइमआउट नाही, जाहिराती नाहीत, घड्याळ थांबत नाही. गोल न होण्यालाही चव असते, हे ज्याला इथे उमगलं त्याला हा खेळ लागलाच म्हणून समजावं.

पाच मिनिटं वाढवून मिळाली. सिटीच्या सिल्वाच्या कॉर्नरवर झेकोचा हेडर, २–२. संडरलंडचा सामना आटोपला होता. १–० ने जिंकलेले युनायटेडचे खेळाडू तिथल्या मैदानावर निकालाची वाट बघत उभे होते. मग डी योंगने चेंडू पुढे आणून अगुएरोला दिला, अगुएरोने बालोतेलीला. बालोतेलीचा तोल गेला, आणि पडता पडता त्याने पायाच्या टोकाने चेंडू परत ढकलला. मला या चित्रफितीतला सर्वात सुंदर स्पर्श हाच वाटतो. सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर हा एकच असिस्ट आहे. क्यूपीआरचा ताइवो घसरत आडवा आला. अगुएरो पडला असता तर पेनल्टी मागता आली असती. तो उभा राहिला, एक स्पर्श घेतला आणि जवळच्या खांबाकडून चेंडू आत मारला. घड्याळात ९३:२०.

समालोचक मार्टिन टायलरने अगुएरोचं नाव लांबवलं आणि मग काही सेकंद तो गप्प झाला. तेवढा वेळ त्याने गर्दीवर सोपवला. त्या वेळात आकडे, इतिहास, विशेषणं यातलं काहीही त्याने मध्ये येऊ दिलं नाही, आणि हा संयम त्या गोलच्या तोडीचा आहे.

आता त्याच दृश्यात क्यूपीआरकडे बघावं. स्टोकमध्ये बोल्टनची २–२ अशी बरोबरी झाली होती, त्यामुळे हरूनही क्यूपीआर वाचला होता. स्टेडियमच्या एका कोपऱ्यात पराभूत संघाचे चाहतेही नाचत होते. या नाचाचा अर्थ लागेपर्यंत गोल अर्धाच पाहून झालेला असतो. दोन्ही मँचेस्टरांचे ८९ गुण झाले, आणि आठ गोलांच्या फरकाने विजेता ठरला.

बोल्टन मँचेस्टरच्या अगदी शेजारचं गाव. अकरा मोसम वरच्या विभागात काढून ते त्या दुपारी एका गुणाने खाली गेलं. स्टोकला जोनाथन वॉल्टर्सने पेनल्टीवर जी बरोबरी करून दिली, तीच बोल्टनला भोवली. त्यानंतर हा संघ प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही. एतिहादची चित्रफीत पाठ झालेल्या नवख्याने पुढे स्टोकचा सामना शोधून बघावा, तोही पूर्ण.