पेन्शनपुरा : हिंगोलीच्या छावणीतील सामान्य शिपाई आणि मराठी गद्य

प्रस्तावना

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आजही रुळलेली आहेत. निजामाच्या राज्यात, वऱ्हाडच्या सीमेलगत असलेले हे गाव ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचे एक प्रमुख ठाणे होते. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) व एलिचपूर ही तिची अन्य ठाणी. १९०३ साली हिंगोलीतून फौज काढून घेण्यात आली. वस्त्यांची नावे मात्र मागे राहिली. त्यांपैकी पहिली तीन फौजेच्या अंगांची आहेत, चौथे बाजाराचे आहे. पाचवे नाव माणसाचे आहे. चाकरी संपवून परतलेल्या, वय झालेल्या आणि सरकारी तनख्यावर दिवस काढणाऱ्या शिपायाचे ते नाव होय. मराठीतील युद्धविषयक गद्यात या माणसाला जागा का मिळाली नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

परक्या फौजेची अडचण

ही फौज नावाने निजामाची, खर्चाने निजामाची आणि हुकमतीने इंग्रजांची होती. तिच्या खर्चाच्या तरतुदीसाठीच १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. तिच्या शिपायांत दख्खनी मुसलमान होते, तसेच उत्तर हिंदुस्थानातून आलेले, ज्यांना आपल्याकडे ‘परदेशी’ म्हणत, तेही मोठ्या संख्येने होते. छावणीची भाषा प्रामुख्याने हिंदुस्थानी. म्हणजे हा शिपाई मराठी मुलुखात राहिला, तरी मराठी गद्याला तो आपला वाटावा असे त्याच्यापाशी फारसे काही नव्हते.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनाचे केंद्र १९४८ आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. अनंत भालेराव यांच्या ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाने त्या लढ्याची स्मृती भक्कम केली. वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाला लाभले आहे. अशा स्मृतिव्यवस्थेत निजामाच्या पैशावर इंग्रजांसाठी लढलेला शिपाई कोठे बसवावयाचा? तो हुतात्मा नाही आणि रझाकारही नाही. एवढेच नव्हे, तर १८५७ च्या जूनमध्ये याच फौजेच्या औरंगाबाद येथील घोडदळाने बंड केले आणि त्यातील अनेकांना देहदंड झाला. पुढच्याच वर्षी याच फौजेच्या तुकड्या सर ह्यू रोज याच्या सैन्याबरोबर झाशीच्या तटाखाली उभ्या होत्या. एकाच फौजेतून फासावर गेलेला बंडवाला आणि झाशीवर चाल करून गेलेला चाकर असे दोघेही निघाले. पहिल्याची आठवण राष्ट्रीय इतिहासाने ठेवली, दुसऱ्याविषयी मौन बाळगले.

तटाच्या आत आणि बाहेर

या मौनाच्या दोन बाजूंना दोन ग्रंथ आहेत. मेजर रेजिनाल्ड बर्टन याचा १९०५ साली प्रसिद्ध झालेला हैदराबाद कंटिंजंटचा इंग्रजी इतिहास हा तटाबाहेरचा ग्रंथ. तो फौजेतील अधिकाऱ्याने, फौजेचे वेगळे अस्तित्व संपल्यावर लिहिलेला आहे. त्याची चौकट मोहिमांची आणि पलटणींची. तीत शिपाई दिसतो तो तुकडीचा घटक म्हणून. रात्री त्याला झोप लागली की नाही, हे विचारण्याची सोय त्या चौकटीत नाही. असे इतिहास उपयुक्त असतात, पण त्यांना सैनिकांच्या आठवणी समजण्याची चूक अभ्यासकांनी करू नये.

तटाच्या आत विष्णुभट गोडसे आहेत. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाने प्रकाशित झालेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठीत १८५७ चा सर्वांत जिवंत साक्षीदार मानला जातो, आणि ते योग्यच आहे. द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेला हा वरसईचा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. भीती, भूक, आग, प्रेते आणि लूट हे सारे त्याने भोवतालच्या माणसांच्या मापाने पाहिले. सेनापतीच्या मापाने पाहण्याचे त्याला कारणच नव्हते. सामान्य माणसाच्या युद्धानुभवाचे मराठीतील श्रेष्ठ लेखन एका असैनिकाने केले, ही वस्तुस्थिती समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. परंतु गोडसे यांच्या दृष्टीलाही मर्यादा होती. लुटणाऱ्यांत गोऱ्यांबरोबर देशी शिपाईही होते, हे ते जाणतात. मात्र त्या देशी शिपायाच्या मनात डोकावण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. जिवावर उठलेल्याचे मन वाचावे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणेही अन्यायाचे ठरेल.

शिपायाच्या बाजूने सांगणारे पुस्तक म्हणून सीताराम पांडे यांच्या आत्मकथनाचे नाव घेतले जाते. ते बंगाल सैन्यातील सुभेदाराचे असून १८७३ मध्ये नॉर्गेट या अधिकाऱ्याच्या इंग्रजी भाषांतरातून पुढे आले. बंडवाल्यांत पकडलेल्या स्वतःच्या मुलाला गोळ्या घालणाऱ्या तुकडीचे काम या सुभेदाराच्या वाट्याला येते, हा त्यातील प्रसंग वाचकाला विसरता येत नाही. परंतु मूळ हिंदुस्थानी संहिता उपलब्ध नसल्याने त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तेथेही शिपायाचा आवाज साहेबाच्या हातूनच आला.

दापोली आणि हिंगोली

मग मराठी शिपायाने स्वतः काही लिहिलेच नाही काय? लिहिले, पण ते रणांगणाविषयी नव्हते. मुंबई सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतिपत्र तयार केले. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी त्याच स्वरूपाची मागणी सरकारपुढे मांडली. या लेखनात पूर्वजांची लष्करी चाकरी हा पुरावा म्हणून येतो. अमुक लढाईत काय वाटले, हे तेथे सांगितलेले नाही. आम्ही लढलो होतो, मग आज आम्हांस नाकारता कसे, असा त्याचा रोख आहे. कोरेगावच्या स्तंभावरील शिपायांची नावेही याच गरजेतून पुन्हा वाचली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडाचा अर्थ पालटला.

वलंगकर दापोलीचे. दापोलीचा कॅम्प ही निवृत्त शिपायांची वस्ती. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही काही काळ तेथे होते. दापोली आणि हिंगोली येथील पेन्शनरांची स्थिती वरकरणी सारखीच दिसते. दापोलीच्या पेन्शनरांना मात्र पलटणीच्या शाळांतून मराठी अक्षर मिळाले होते, मांडण्यासाठी गाऱ्हाणे होते आणि ते आपले मानणारा समाज होता. पेन्शनपुऱ्यात काही लिहिले गेले असेल, तर ते मराठी वाचकापर्यंत पोहोचले नाही. कंटिंजंटच्या पलटणी भारतीय सैन्यात मिसळल्या. १९२२ साली त्यांतून हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊं झाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा यांना ज्या चौथ्या कुमाऊं पलटणीत वीरमरण आले, तिचे मूळ याच फौजेत, एलिचपूरला आहे. आज त्या परंपरेची जपणूक राणीखेतच्या रेजिमेंटल केंद्रात होते. हिंगोलीशी असलेले नाते पत्त्यांपुरते उरले.

विनंतिपत्र किंवा वस्तीचे नाव यांना वाङ्मय म्हणावे काय, असा आक्षेप येथे संभवतो. विनंतिपत्रात कल्पनाविलास नाही, हे खरे. परंतु आत्मचरित्र, कादंबरी आणि वीरगाथा एवढ्यांतच युद्धस्मृती शोधावयाची असे ठरविले, तर सेनापती आणि हुतात्मा यांखेरीज कोणीही सापडणार नाही. युद्धातील स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. शिपायाच्या मागे घर चालविणारी स्त्री बहुधा केवळ वारस म्हणून नोंदली जाते. तिचा जबाब शोधावयाचा तर पेन्शनची प्रकरणे आणि वारसांचे अर्जच उघडावे लागतील.

 स्थलनामांच्या संग्रहात गावाच्या नावाची व्युत्पत्ती बारकाईने दिली जावी आणि छावणीची नावे लष्करी अंमलाच्या खुणा म्हणून एका ओळीत संपावीत, असे सहज घडू शकते. पलटण आणि तोफखाना यांच्यापुरते ते चालेलही. पेन्शनपुरा या नावात मात्र मराठी-हिंदुस्थानी प्रत्यय लावून घेतलेला इंग्रजी शब्द आहे, आणि तो तेथील रहिवाशांनी वा शेजाऱ्यांनी बनविलेला असावा, कोणा साहेबाने नव्हे. फौज गेल्यावर एकशेवीसहून अधिक वर्षे लोटली, तरी पत्ता सांगताना हिंगोलीकर तो शब्द उच्चारतात.