कार्बनतंतूंच्या पटलांवरील आघातक्षती : एक चिकित्सा

दिव्याहून पनवेलकडे वळणारी मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी जून २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्याच जातीच्या मुंबई-गांधीनगर गाडीचे नाक ६ ऑक्टोबर २०२२ रोजी अहमदाबादजवळ म्हशींना धडकून फुटले, तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली. वस्तुतः ते आवरण तंतुबलित प्लास्टिकचे असून, धडकेचा जोर स्वतःवर घेऊन मोडावे व बदलले जावे, हेच त्याचे प्रयोजन होय. गाडीचा भार ते वाहत नाही. तथापि या थट्टेमागील गृहीतक, म्हणजे क्षती दिसेल तेवढीच असते हे, तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण विमानाच्या पंखाप्रमाणे जेथे कार्बनतंतूंचे पटल स्वतःच भार वाहते, तेथे ते गृहीतक घातक ठरते.

धातूच्या पत्र्यावर हत्यार पडले तर पोचा उरतो आणि तो पोचाच आघाताची साक्ष देतो. कार्बनतंतू ठिसूळ असल्याने पटलास अशी स्मृती नसते. वरच्या पृष्ठावर जेमतेम खूण उमटते. आत मात्र राळेस तडे जातात, ते तडे भिन्न दिशांचे तंतू असलेल्या दोन थरांच्या सीमेवर पोहोचतात आणि तेथे थर परस्परांपासून सुटतात. हे विलगन आघातापासून दूरच्या बाजूस रुंदावत जाते. ताण सोसताना त्याची झळ तुलनेने कमी लागते. दाब येताच मात्र सुटलेले पातळ थर एकेकटे वाकतात आणि पटलाचे सामर्थ्य मोठ्या प्रमाणात घटते. श्रवणातीत तरंगांनी केलेल्या तपासणीवाचून हे कळणे दुर्घट आहे.

या क्षतीच्या मापनाची रूढ रीतही निर्दोष नाही. १५० × १०० मिलिमीटरच्या पट्टीवर १६ मिलिमीटर व्यासाचे अर्धगोल टोक, पट्टीच्या जाडीच्या दर मिलिमीटरास ६.७ ज्यूल ऊर्जेने आदळवून नंतर तिचे संपीडन करावयाचे, अशी ही रीत आहे. दोन द्रव्यांची तुलना करण्यास ती उत्तम आहे. परंतु पट्टीवरून आलेला आकडा पंखास लावणे हा तर्कदोष होय. जड वस्तू मंद गतीने आदळली तर संपूर्ण पटल वाकते. हलका खडा वेगाने आदळला तर पटलास वाकण्यास अवधीच मिळत नाही. ऊर्जा तीच, क्षती निराळी. केवळ ज्यूल नोंदवून वस्तुमान, वेग व आधाराची पद्धत यांविषयी मौन पाळणारा प्रबंध म्हणूनच अर्धवट समजला पाहिजे.

हा धडा नवा नाही. १९७० मध्ये रोल्स-रॉइसच्या आर.बी. २११ इंजिनाची कार्बनतंतूंची पाती पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत टिकली नाहीत व त्यांच्या जागी टायटॅनियम आले. वजनास हलके आणि ताणास बळकट असलेले द्रव्य आघातासही बळकट असेलच, असे नव्हे. दृष्टीला जे दिसत नाही ते नाही, असे मानण्याचा मोह अभ्यासकाने सोडावा, हेच या चिकित्सेचे तात्पर्य.