मिशीमागचा व्रण

सन २०२४ च्या मार्च महिन्यांत ब्रिटिश भूसेनेनें आपल्या सैनिकांस व अधिकाऱ्यांस दाढी राखण्याची परवानगी दिली. दाढी किती वाढवावी याचें मापहि ठरवून दिलें : अडीच मिलिमीटरांहून कमी नको, साडेपंचवीस मिलिमीटरांहून अधिक नको. हें वर्तमान आमच्या अध्यापक-मंडळींत निघालें तेव्हां आमचे एक ज्येष्ठ स्नेही उद्गारले, "संपलें ! आतां शिस्त ती कसली राहिली ?" आम्हीं त्यांस इतकेंच म्हटलें कीं, आपण ज्या सेनेची शिस्त दाढीनें बुडाली असें म्हणतां, त्याच सेनेंत १९१६ पर्यंत वरचा ओंठ तासणें हाच शिस्तभंग होता. स्नेह्यांस तें खरें वाटेना. या वादानें आम्हांस एका जुन्या इंग्रजी चित्रपटाचें स्मरण झालें, आणि तो आम्हीं पुन्हां एकवार लक्षपूर्वक पाहिला. मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचा 'दि लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप' हा तो चित्रपट. तो १९४३ चा, म्हणजे ऐन महायुद्धांतला. त्याच्या केंद्रस्थानीं एका सेनानीची मिशी आहे, असें आम्हीं म्हटलें तर वाचकांनीं तो विनोद समजूं नये.

ब्लिंप हें नांव मुळांत या चित्रपटाचें नव्हे. डेव्हिड लो या व्यंगचित्रकारानें लंडनच्या 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' पत्रांत १९३४ पासून हें पात्र रंगविलें होतें. टकलें डोकें, वाटोळें पोट आणि ओंठांवरून खालीं ओघळलेली पांढरी मिशी, असें त्याचें ध्यान. हमामखान्यांत पंचा गुंडाळून बसावें आणि एकमेकांस छेदणारीं विधानें मोठ्या आत्मविश्वासानें ठोकून द्यावीं, हा त्याचा उद्योग. एका पिढीचें सारें बुद्धिमांद्य लोनें त्या मिशींत सांठविलें. दर्शनीं मिशी दिसली कीं आंत मेंदू नाहीं असें वाचकानें ओळखावें, हा त्या चित्रांचा संकेत होता. पॉवेल-प्रेसबर्गर यांनीं हाच संकेत उचलला, पण तो उलटा करून पाहिला.

चित्रपटाचा आरंभ महायुद्धकालीन लंडनमध्यें होतो. गृहरक्षक दलाची एक लुटुपुटूची लढाई ठरलेली असून तिचा प्रारंभ मध्यरात्रीं व्हावयाचा आहे. परंतु शत्रु कांहीं वेळ ठरवून येत नाहीं, असें म्हणून एक तरुण अधिकारी संध्याकाळींच प्रतिपक्षाच्या सेनापतीवर छापा घालतो. हा सेनापति, मेजर-जनरल क्लाइव्ह कँडी, त्या वेळीं हमामखान्यांत असतो. हुबेहूब लोचा ब्लिंप ! तरुण अधिकारी त्याचें पोट आणि मिशी पाहून थट्टा करतो. म्हातारा खवळून त्याला विचारतो कीं, माझ्या मिशीला तूं हंसतोस खरा, पण ती मीं कां राखली हें तुला कोठें ठाऊक आहे ? दोघे झटत पाण्याच्या हौदांत पडतात. कॅमेरा पाण्यावरून सरकत दुसऱ्या टोंकास जातो, आणि तेथून चाळीस वर्षांपूर्वींचा सडपातळ व तुळतुळीत ओंठाचा तरुण कँडी बाहेर येतो. साल १९०२. काळाचा एवढा मोठा पल्ला इतक्या सहजतेनें ओलांडलेला आम्हीं फार थोड्या कलाकृतींत पाहिला आहे.

पुढचा सुमारें अडीच तासांचा चित्रपट म्हणजे त्या एका प्रश्नाचें उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धांत पराक्रम गाजवून आलेला कँडी बर्लिनला जातो, एका उपाहारगृहांत जर्मन अधिकाऱ्यांचा अपमान करून बसतो आणि त्याला द्वंद्वयुद्ध पत्करावें लागतें. चिठ्ठ्या टाकून ज्याची निवड होते तो प्रतिस्पर्धी थिओ त्यापूर्वीं त्याला दिसलेलाहि नसतो. येथें दिग्दर्शकांनीं एक अपूर्व गोष्ट केली आहे. द्वंद्वाची सारी तयारी, नियमांचें वाचन, तरवारींची तपासणी हें सर्व ते संथपणें दाखवितात, आणि तरवारीला तरवार भिडतांच कॅमेरा वर उचलून छपराबाहेरच्या बर्फांत नेतात. घाव आम्हांस दिसत नाहीं. नंतर शुश्रूषागृहांत दिसतो तो वरच्या ओंठावरचा व्रण, आणि तो झांकण्यासाठीं कँडीनें वाढविलेली मिशी. ज्याच्या हातून तो घाव झाला तो थिओच त्याचा जन्माचा मित्र होतो, आणि जिच्यावर आपलें प्रेम होतें हें कँडीला फार उशिरां कळतें, त्या एडिथशीं विवाह करतो. व्यंगचित्रांत जी मिशी मूर्खपणाची खूण होती, ती येथें मैत्रीची व एका मूक विरहाची खूण ठरते. रॉजर लिव्हसे यानें हें दुःख शब्दांवांचून, केवळ आवाजाच्या घोगऱ्या ओलाव्यानें व्यक्त केलें आहे. पुढें हा चित्रपट कापून आंखूड करण्यांत आला, तेव्हां भूतकाळांत शिरण्याची ही योजनाच काढून टाकून कथा सरळ क्रमानें मांडण्यांत आली. प्रश्न आधीं विचारलाच नाहीं तर उत्तराला अर्थ कोणता उरणार ? मूळ रूप पुष्कळ वर्षांनीं रसिकांच्या हातीं पुन्हां आलें, हें आपलें भाग्य होय.

इतकी स्तुति केल्यावर आतां आमचे आक्षेप सांगणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप इतिहासाचा. १९०२ मध्यें ब्रिटिश सेनेंतील अधिकारी तुळतुळीत ओंठानें हिंडतो, ही गोष्ट त्या काळच्या नियमाविरुद्ध आहे. केंस आंखूड असावेत, हनुवटी व खालचा ओंठ तासावा, वरचा ओंठ मात्र तासूं नये, असा राजाज्ञेचा स्पष्ट दंडक होता. नेपोलियनच्या काळीं इंग्रजी सेनेंत मिशी हें बहुधा कांहीं घोडदळ्यांचेंच भूषण होतें. पुढें क्रिमियाच्या युद्धांत थंडीमुळें दाढ्या वाढल्या, आणि हिंदुस्थानांत मिशीवांचून पुरुषाचा दरारा बसत नाहीं असें गोऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रत्ययास आलें. कंपनीच्या मुंबई सैन्यांतील गोऱ्या शिपायांस तर १८५४ मध्येंच मिशी सक्तीची झाली. म्हणजे इंग्रजांची ही लष्करी मिशी कांहीं अंशीं आपल्याच मुलखांतून तिकडे गेली. ती उतरली ऑक्टोबर १९१६ मध्यें. सर नेव्हिल मॅक्रेडी या सेनाधिकाऱ्याच्या सहीनें सक्ती उठली, आणि या गृहस्थांस स्वतःच्या मिशीचाहि मनस्वी कंटाळा होता असें सांगतात. विषारी वायूच्या मुखवट्यासाठीं हा हुकूम निघाला, अशी एक समजूत आहे. पण हनुवटी तर आधींपासूनच तासलेली होती, आणि हुकुमानें मिशी काढावयास लावली नाहीं, केवळ राखण्याची सक्ती काढली. नागरी जीवनांतून सेनेंत आलेल्या लक्षावधि तरुणांस ती नकोशी होती, हेंच त्यामागचें साधें कारण दिसतें.

मग चित्रपटानें काय केलें ? जी मिशी वस्तुतः हुकुमाची होती, तिला त्यानें खासगी कारण दिलें. कलेस हें स्वातंत्र्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यामुळें एक मोठें सत्य हातचें निसटलें. सैनिकाचा चेहरा हा सर्वस्वीं त्याचा कधींच नसतो. तो कसा असावा हें वरिष्ठ ठरवितात, आणि काल जें सक्तीचें तेंच आज निषिद्ध करतांना त्यांस दोन्ही वेळां 'शिस्त' हाच एक शब्द पुरतो.

इंग्रजाच्या मिशीला कारण असतें हें दाखविणारा चित्रपट पाहतांना भारतीय प्रेक्षकाच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं : इंग्रजांनीं दुसऱ्याच्या मिशीस हात घातला, तेव्हां तिचें कारण विचारलें होतें काय ? मद्रास सैन्याचा सेनापति सर जॉन क्रॅडॉक याच्या अमदानींत १८०५-०६ मध्यें हुकूम निघाले कीं, कवाइतीच्या वेळीं शिपायानें कपाळीं गंध किंवा कानांत बाळी ठेवूं नये, हनुवटी तासावी, मिशी ठराविक नमुन्याची राखावी, आणि नव्या घाटाचें चामड्याचा तुरा लाविलेलें पागोटें घालावें. सर्व शिपाई एकसारखे दिसावे, एवढाच त्याचा हेतु. पण हिंदूच्या कपाळावरचें गंध आणि मुसलमानाच्या हनुवटीवरची दाढी ही हुकूम काढणाऱ्याच्या दृष्टीस केवळ विस्कळीतपणा दिसली. ज्यांनीं तक्रार केली त्यांस फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलै १८०६ रोजीं पहांटेपूर्वीं वेल्लोरच्या किल्ल्यांत शिपाई उठले व शंभराहून अधिक गोरे सैनिक मारले गेले. अर्काटहून घोडदळ घेऊन कर्नल गिलेस्पी धांवून आला, आणि त्यानंतर जी कत्तल झाली तींत शेंकडों शिपाई मेले. टिपूचे पुत्र त्याच किल्ल्यांत नजरकैदेंत होते व उठावास राजकीय अंगहि होतें, हें खरें. तथापि ठिणगी पडली ती चेहऱ्यावरच. शेवटीं ते हुकूम मागें घेण्यांत आले, आणि सेनापति क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाहि परत बोलाविण्यांत आलें. कारण न विचारतां दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वस्तरा चालविण्याची ती किंमत होती.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. कँडी बर्लिनला जातो तो कशासाठीं ? इंग्रज दक्षिण आफ्रिकेंत स्त्रिया व मुलें मारीत आहेत, असा अपप्रचार तेथें चालला आहे तो हाणून पाडण्यासाठीं. चित्रपट या प्रचाराला निव्वळ खोटेपणा समजतो. परंतु बोअर कुटुंबांस कोंडून ठेवणाऱ्या छावण्या ही कल्पित वस्तु नव्हती. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईनेंच १९०१ मध्यें त्यांचें वर्णन स्वदेशीयांपुढें मांडलें होतें. त्या छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर स्त्रिया व मुलें मरण पावलीं, आणि वेगळ्या छावण्यांत कोंडलेले आफ्रिकी लोकहि हजारोंनीं मेले. कँडी प्रामाणिक आहे, त्याला हें ठाऊक नसेल. पण लेखक-दिग्दर्शकांस ठाऊक असावयास हवें होतें. मिशीनें एक व्रण झांकला, चित्रपटानें दुसरा. असें असूनहि पंतप्रधान चर्चिल यांस हा चित्रपट सेनेची अप्रतिष्ठा करणारा वाटला, आणि त्यांनीं त्याचें चित्रण थांबविण्याची खटपट केली, ही मौजेची गोष्ट आहे. सत्तेला आपल्या मिशीचें चित्र कोणी प्रेमानें काढलें तरी सहन होत नाहीं !

हे दोष जमेस धरूनहि आम्ही वाचकांस हा चित्रपट आग्रहानें पाहावयास सांगूं. कारण त्यानें विचारलेला प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं अमेरिकेच्या युद्धमंत्र्यांनीं क्वांटिको येथें जमलेल्या सेनापतींपुढें दाढ्यांविरुद्ध व्याख्यान दिलें. तेथील पुष्कळ कृष्णवर्णीय सैनिकांच्या कुरळ्या केसांमुळें रोज वस्तरा फिरविला असतां कातडींत केंस वळून गांठी उठतात, आणि केंस वाढूं देणें हाच त्यावरचा खरा उपाय असतो. शीख सैनिकांस तर अमेरिकन भूसेनेंत केश व दाढी राखण्याची सुलभ वाट २०१७ मध्यें मिळाली. वायूचा मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसला पाहिजे, ही गरज खरी आहे. तेथें दाढी काढावयास सांगणें हें आम्ही जुलूम मानणार नाहीं, आणि ब्रिटिश सेनेनेंहि २०२४ च्या मोकळिकींत ती अट राखलीच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्राण वांचविण्यासाठीं काढलेला हुकूम आणि डोळ्यांस बरें दिसावें म्हणून काढलेला हुकूम यांस एकच नांव देऊं नये.

हें लिहीत असतां आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग आठवतो. आमच्या महाविद्यालयाच्या दारावर एक निवृत्त हवालदार असत. त्यांच्या पिळदार मिशीची आम्ही पाठीमागें नक्कल करीत असूं. एकदां पंधरवड्याच्या रजेनंतर ते परत आले. आम्ही घाईनें आंत शिरतांना दारावर उभ्या असलेल्या गृहस्थांस विचारलें, "हवालदार कोठें आहेत ?" ते म्हणाले, "मीच तो. आई गेली." वरच्या ओंठाची कातडी पांढुरकी व कोंवळी दिसत होती. ज्या मुलखांत आईबापांमागें मिशी उतरते, त्याच मुलखांत वाढलेल्या आम्हांस ती नुसत्या ओंठावरून ओळखतां आली नाहीं. पुढें ती मिशी पुन्हां वाढली, पण तिची नक्कल आमच्यापैकीं कोणीं केली नाहीं.

आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांस आम्हीं हा चित्रपट दाखविला. शिस्तीविषयींचें त्यांचें मत बदललें असें नाहीं. मात्र जातांना ते म्हणाले, "मिशी कां राखली हें विचारावयास हवें होतें, हें खरें." आमच्या मतें या परीक्षणाचें सारहि तेंच आहे.